तारखेआधीची एकच रेघ

प्रिय ताई,

मी २९ वर्षांची आहे. सात महिने झाले, आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय. माझी पाळी कधी २७ दिवसांनी येते, कधी ३३ दिवसांनी. आज पंचविसावा दिवस आहे. चार-पाच दिवसांपासून छाती दुखतेय, संध्याकाळ झाली की डोळे मिटायला लागतात, काल सकाळी मळमळलं. परवा एक गुलाबी डागही दिसला. एकविसाव्या, तेविसाव्या आणि आज पंचविसाव्या दिवशी मी घरीच चाचणी केली. तिन्ही वेळा एकच रेघ. आजची पट्टी टाकून दिली होती, ती तासाभराने डब्यातून पुन्हा काढून पाहिली, तर दुसऱ्या जागी काहीतरी करडं, पुसट दिसलं. गेल्या महिन्यात अगदी हेच सगळं झालं होतं आणि मग पाळी आली. नवरा म्हणतो थांब, पण मला थांबता येत नाही. खरी लक्षणं कोणती? मी माझंच शरीर चुकीचं वाचतेय का? चाचणी नेमकी कधी करू?
– अधीर

प्रिय अधीर,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा डॉक्टरच्या सवयीने दिवस मोजले. दुसऱ्यांदा वाचताना ती डब्यातून पुन्हा काढलेली पट्टी आणि ती उजेडात धरून बघणारी तू डोळ्यांसमोर आलीस, आणि जीव कळवळला. हे उत्तर तुझ्या हाती पडेल तेव्हा या महिन्याचा निकाल कदाचित लागलेला असेल. तरीही सविस्तर लिहिते, कारण पाळी आली असेल तर पुढच्या महिन्यात हेच दिवस तुझ्यासमोर पुन्हा उभे राहणार आहेत.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुझ्यासाठी चाचणीचा दिवस चौतिसावा. पाळीचा पहिला दिवस तो १, असं मोजत जायचं आणि ३४व्या दिवसाच्या सकाळपर्यंत पाळी आली नाही, तर चाचणी करायची. त्याआधीची एकच रेघ तुला काहीच सांगत नाही. ती ‘नाही’ म्हणत नाही, ‘अजून कळत नाही’ एवढंच म्हणते.

हा दिवस मी कुठून काढला ते सांगते, म्हणजे पुढे तुझा तुलाच काढता येईल. स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. पाळी पुढे-मागे होते ती मुख्यतः त्याआधीच्या भागामुळे. बीज बाहेर पडल्यानंतरचे दिवस बहुतेकींमध्ये बरेचसे ठरलेले असतात, १२ ते १४. म्हणजे तुझा महिना २७ दिवसांचा असेल तेव्हा बीज तेराव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडलं असणार आणि ३३ दिवसांचा असेल तेव्हा एकोणिसाव्या. या महिन्यात यातलं कोणतं झालं, हे आज तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. तेराव्या दिवशी झालं असेल, तर आज त्याला १२ दिवस झाले. एकोणिसाव्या दिवशी झालं असेल, तर सहाच.

गर्भ तयार झाला तरी तो लगेच गर्भाशयात रुजत नाही. आधी नळीतून खाली येतो आणि मग अस्तरात शिरतो. बीज बाहेर पडल्यापासून याला सहा ते बारा दिवस लागतात. रोज लघवी तपासून या दिवसांचा माग काढणारा एक मोठा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात टिकलेल्या गर्भांपैकी दहांतले आठांहून अधिक गर्भ आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. चाचणीची पट्टी जे शोधते ते एचसीजी नावाचं संप्रेरक रुजल्यानंतरच आईच्या रक्तात उतरू लागतं. तू एकविसाव्या दिवशी चाचणी केलीस तेव्हा बीज बाहेर पडून कदाचित दोनच दिवस झाले असतील. जे अजून सुरूच झालेलं नाही, ते शोधायला तू त्या पट्टीला सांगत होतीस.

रुजल्यानंतरही एचसीजी एकदम भरपूर होत नाही. सुरुवातीच्या दिवसांत ते साधारण दर दोन दिवसांनी दुप्पट होतं, काहींमध्ये थोडं लवकर, काहींमध्ये थोडं उशिरा. घरी करायच्या बहुतेक पट्ट्यांना लघवीत २५ युनिटच्या आसपास एचसीजी असलं की दुसरी रेघ दाखवता येते. समजा, एखाद्या दिवशी ते ३ आहे. दोन दिवसांनी ६, चार दिवसांनी १२, सहा दिवसांनी २४. म्हणजे गर्भ खरोखर रुजलेला असतानाही पट्टीवर एकच रेघ दिसते, असे काही दिवस प्रत्येक गरोदर बाईच्या आयुष्यात येऊन गेलेले असतात. फक्त बहुतेकींनी त्या दिवसांत चाचणी केलेली नसते, म्हणून त्यांना ते ठाऊक नसतं. पाकिटावर ‘९९ टक्के अचूक’ असं लिहिलेलं असतं, ते पाळीची तारीख आल्यापासूनच्या चाचणीबद्दल असतं. तारखेच्या पाच-सहा दिवस आधी केलेल्या चाचणीला तो आकडा लागू होत नाही.

आता लक्षणांकडे येते, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त दुखणारी ओळ तीच आहे: ‘मी माझंच शरीर चुकीचं वाचतेय का?’

नाही गं. तू वाचतेस ते खरं आहे. छाती खरोखर दुखतेय, झोप खरोखर येतेय. पण स्त्रीबीज बाहेर पडलं की त्याच्या रिकाम्या झालेल्या जागी एक छोटी पिवळसर ग्रंथी तयार होते आणि ती प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार करू लागते. गर्भ राहिला असो वा नसो, ती ते करतेच. छाती जड होणं, पोट फुगल्यासारखं वाटणं, बद्धकोष्ठ, सुस्ती, डोळ्यांत उगाच पाणी येणं हे बरंचसं त्या प्रोजेस्टेरॉनचं काम असतं. गर्भ राहिला नाही, तर दहा-बारा दिवसांनी ही ग्रंथी सुकते, प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि पाळी येते. गर्भ राहिला, तर एचसीजी त्या ग्रंथीला सांगतं की थांबू नकोस, आणि तेच प्रोजेस्टेरॉन पुढे चालू राहतं. संप्रेरक तेच असल्यामुळे लक्षणंही तीच येतात. पाळीच्या तारखेआधी या दोन्हींत फरक करायला जगातल्या कुठल्याही बाईकडे साधन नसतं, माझ्याकडेही नाही. समोर बसलेल्या स्त्रीची छाती दुखते, एवढ्यावरून मी आजवर कधीही निदान केलेलं नाही.

म्हणूनच गेल्या महिन्यात हेच सगळं झालं आणि तरी पाळी आली. त्यात तुझी काही चूक झाली नव्हती. आणि या महिन्यात तसंच वाटतंय म्हणून याही वेळी नाहीच, असाही अर्थ काढू नकोस.

मळमळीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. गरोदरपणातली मळमळ बहुतेकींना शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. काहींना चौथ्या-पाचव्या आठवड्यात. म्हणजे पाळी चुकल्यावर, अनेकदा एक-दोन आठवड्यांनी. पंचविसाव्या दिवशी एचसीजी अजून इतकं कमी असतं, किंवा नसतंच, की कालच्या मळमळीचं श्रेय मी त्याला देणार नाही. अपुरी झोप, रिकामं पोट, पाळीआधीचे बदल आणि सतत शरीराकडे लागलेलं लक्ष, यातल्या कशानेही तसं होऊ शकतं. आणि पुढे दिवस राहिले आणि मळमळ आलीच नाही, तर घाबरू नकोस. साधारण दहांतल्या तिघींना ती होतच नाही आणि त्यांचीही बाळं छान वाढतात.

गुलाबी डागाबद्दल जागोजागी लिहिलेलं असतं की गर्भ रुजताना थोडं रक्त जातं आणि तीच पहिली खूण. हे इतक्या वेळा सांगितलं जातं की आता ते सगळ्यांना पाठच झालंय. पण रोजच्या रोज नोंद ठेवणाऱ्या स्त्रियांकडे संशोधकांनी पाहिलं, तेव्हा डाग नेमका रुजण्याच्याच दिवशी पडला, असं फारसं आढळलं नाही. पाळीआधी थोडे डाग दिसण्याची कारणं पुष्कळ आहेत. शरीरसंबंधांनंतर गर्भाशयाच्या तोंडाशी किंचित खरचटलं तरी दिसतो. तुझ्याच बाबतीत बघ: डाग दिसला तेविसाव्या दिवशी. बीज एकोणिसाव्या दिवशी बाहेर पडलं असेल, तर रुजण्याला तो दिवस फारच लवकरचा आहे. तेराव्या दिवशी पडलं असेल, तर जुळूही शकतो. म्हणजे डागावरूनही काहीच ठरत नाही. तारीख लिहून ठेव आणि तो विषय तिथेच सोड. दर महिन्याला पाळीआधी असे डाग पडत असतील, तर मात्र एकदा दाखवून घे.

मग खरी लक्षणं कोणती? सगळ्यात भरवशाचं लक्षण म्हणजे पाळी चुकणं, तेही जिची पाळी बऱ्यापैकी ठरल्या वेळी येते तिच्यासाठी. त्यानंतर लक्षणं एकामागून एक येतात तशी त्यांची भाषा बदलते. पाळीआधीची छातीदुखी पाळी सुरू होताच उतरते. गरोदरपणातली उतरत नाही, उलट वाढते, निळ्या शिरा ठळक दिसतात, स्तनाग्रांभोवतीचा भाग गडद होऊ लागतो. थकवा झोप काढूनही जात नाही. रात्री लघवीला उठावं लागतं. रोजचे वास अचानक सहन होत नाहीत, तोंडाला धातूसारखी चव येते. सकाळी उठल्या उठल्या शरीराचं तापमान मोजायची सवय असेल, तर बीज बाहेर पडल्यावर चढलेलं तापमान १८ दिवसांहून जास्त टिकणं ही चांगली खूण मानली जाते. पण तापमान मोजणं मी तुला आत्ता सुचवणार नाही. रोज सकाळी आणखी एका आकड्याकडे बघून धडधडणं तुझ्या वाट्याला यायला नको.

चाचणी करायची पद्धत सोपी आहे, तरी दोन-तीन ठिकाणी हमखास चुकतं. पाकिटावरची मुदत बघ. सकाळची पहिली लघवी घे, कारण रात्रभरात ती दाट झालेली असते. लवकर लघवी व्हावी म्हणून आधी तांब्याभर पाणी पिऊन बसलीस तर ती पातळ होते. पाळी चुकून आठवडा उलटला असेल, तर दिवसातली कुठलीही वेळ चालते. थेंब किती टाकायचे, किती मिनिटं थांबायचं हे त्या त्या पाकिटावर दिलेलं असतं. घड्याळ लावूनच बघ, साधारण तीन ते पाच मिनिटं. नियंत्रणाची रेघ, म्हणजे पट्टी नीट चालतेय हे दाखवणारी पहिली रेघ, उमटलीच नाही, तर ती पट्टी बाद, दुसरी घ्यायची. दुसरी रेघ दिलेल्या वेळेत उमटली आणि तिला रंग असेल, तर ती कितीही फिकट असली तरी ‘हो’ समजायचं. दोन दिवसांनी पुन्हा केलीस की ती गडद झालेली दिसेल.

आणि दिलेली वेळ संपली की पट्टीकडे पुन्हा बघायचं नाही. लघवी वाळताना तिथे करडी, बिनरंगाची छटा उमटते. तू तासाभराने जे पाहिलंस, ते बहुधा तेच. कृपा करून टाकलेली पट्टी परत काढू नकोस. निकालापेक्षा त्या तासांनीच तुला जास्त पिळवटून काढलेलं असतं.

साखर, मीठ, टूथपेस्ट घालून घरी करायच्या ज्या चाचण्या फिरत असतात, त्यांना काही अर्थ नाही. त्या लघवीतल्या एचसीजीला ओळखतच नाहीत. फेस आला काय, गुठळ्या झाल्या काय, तो लघवीच्या आम्लतेचा खेळ असतो. मला मात्र या सगळ्याचा इतिहास आठवला की गहिवरून येतं. १९२०च्या दशकाच्या शेवटी बर्लिनमध्ये अ‍ॅशहाइम आणि झोंडेक या दोन डॉक्टरांनी बाईची लघवी उंदरांच्या पिल्लांना टोचून गरोदरपण ओळखायची पद्धत काढली. पुढे त्यासाठी बेडूक वापरू लागले. घरच्या घरी करायची चाचणी १९७०च्या दशकात बाजारात आली, आणि सुरुवातीला तिच्या निकालासाठीही दोन तास थांबावं लागायचं. त्याआधीच्या कितीतरी पिढ्यांना पोटात हालचाल जाणवेपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने, खात्री अशी नव्हतीच. आपल्याला ती काही मिनिटांत मिळते, फक्त दिवस बरोबर निवडावा लागतो.

लवकर चाचणी करू नकोस असं मी म्हणते, त्यामागे माझं स्वतःचं एक कारण आहे. खूप वर्षांपूर्वी, डॉक्टर असूनही, मी तारखेच्या तीन दिवस आधी चाचणी केली होती. फिकट गुलाबी रेघ आली. मी नवऱ्याला उठवलं, आम्ही दोघं रडलो. पाच दिवसांनी पाळी आली, नेहमीपेक्षा थोडी जास्त. गर्भ रुजला होता, पण टिकला नव्हता. असं फार वेळा होतं. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज लघवी तपासली तेव्हा दिसलं की एचसीजीवरून ओळखलेल्या गर्भधारणांपैकी २२ टक्के बाहेरून कळण्याआधीच संपल्या होत्या. चाचणी केली नसती, तर त्या स्त्रियांना पाळी दोन दिवस लांबली एवढंच वाटलं असतं. अशा वेळी बहुतेकदा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. जिना चढल्यामुळे, काही उचलल्यामुळे, शरीरसंबंध ठेवल्यामुळे किंवा रागावल्यामुळे ते झालेलं नसतं. मला हे सगळं पुस्तकातून ठाऊक होतं, तरी मी त्या आठवड्यात काय काय केलं याची उजळणी महिनाभर करत राहिले. ते दुःख खरं होतं आणि ते करायचा मला हक्क होता, असं आजही वाटतं. पण समोर येणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते की तारखेपर्यंत थांबलीस, तर यातली काही दुःखं तुझ्या वाट्याला येणारच नाहीत.

आता ३४व्या दिवशी काय होऊ शकतं ते बघू. दोन रेघा आल्या, तर तू त्या दिवशी जवळपास पाच आठवड्यांची गरोदर मोजली जाशील. ऐकून दचकू नकोस. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पहिले दोन आठवडे गर्भ नसतानाही हिशेबात धरलेले असतात. डॉक्टरांची वेळ घे, पण त्याच दिवशी सोनोग्राफीसाठी धावू नकोस. पाचव्या आठवड्याच्या सुमारास जेमतेम गर्भाची पिशवी दिसते, ठोके सहाव्या आठवड्यानंतर दिसू लागतात. त्याआधी गेलेल्या कितीतरी जणी ‘काहीच दिसत नाही’ हे ऐकून हादरून परत आलेल्या मी पाहिल्यात, आणि दहा दिवसांनी त्यांच्याच पोटातले ठोके व्यवस्थित दिसलेले असतात.

एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर तीन दिवसांनी ते आठवड्याने पुन्हा चाचणी कर. बीज नेहमीपेक्षा उशिरा बाहेर पडलेलं असू शकतं. आजारपण, प्रवास, ताण यांनी ते पुढे जातं. तेव्हाही एकच रेघ आली आणि पाळीचा पत्ता नसेल, तर डॉक्टरकडे जा. रक्तातलं एचसीजी मोजता येतं, ते पट्टीपेक्षा खूप कमी प्रमाणातही सापडतं. पाळी लांबण्यामागे थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढणं, पीसीओएस हा बीजकोशांशी संबंधित विकार, झपाट्याने घटलेलं वजन, अतिव्यायाम अशी कारणंही असतात, तीही तपासता येतात.

एका गोष्टीसाठी मात्र कुठल्याही तारखेची वाट बघायची नाही. दोन रेघा आल्यावर किंवा पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला सतत दुखू लागलं, खांद्याच्या टोकाशी दुखलं, घेरी आली, रक्त जाऊ लागलं, तर रात्र असो की पहाट, सरळ रुग्णालय गाठायचं. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजलेला असू शकतो. शंभरात एक-दोन गरोदरपणांत असं होतं. नळी फुटली तर आत रक्तस्राव होतो आणि जिवावर बेततं. पट्टी मात्र तिथेही दोन रेघाच दाखवते. गर्भ कुठे आहे, ते तिला कळत नाही.

हे सदर तू एकटी वाचत नाहीस, म्हणून इतरांसाठीही दोन शब्द. जिची पाळी अगदीच बेभरवशाची आहे, किंवा जिला दिवस राहिल्याची भीती वाटतेय, तिने तारीख शोधत बसू नये. निरोध किंवा गोळी न वापरता आलेल्या शेवटच्या संबंधापासून २१ दिवस मोजावे आणि मग चाचणी करावी. तेव्हाची एकच रेघ भरवशाची असते. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने पाळी परत आली नाही म्हणून निश्चिंत राहू नये, कारण पहिलं बीज पाळी येण्याआधीच बाहेर पडतं. वंध्यत्वावरच्या उपचारात एचसीजीचंच इंजेक्शन घेतलेलं असेल, तर त्याचा अंश दहा ते चौदा दिवस राहतो आणि पट्टी खोटी दुसरी रेघ दाखवू शकते. तिथे डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच चाचणी करावी. गर्भपातानंतरही काही आठवडे तसं होतं. गर्भनिरोधक गोळ्या, अँटिबायोटिक किंवा डोकेदुखीची साधी गोळी यांनी मात्र निकाल बदलत नाही. आणि गर्भाशयात तांबी असताना दोन रेघा आल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावं.

अधीर, सात महिन्यांबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण पत्राच्या मागे तोच प्रश्न उभा आहे. सगळं व्यवस्थित असलेल्या, तुझ्या वयाच्या जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चार-पाचात एक इतकीच असते. वर्षभरात मात्र दहांतल्या आठांहून अधिक जोडप्यांना दिवस राहतात. म्हणून ३५ वर्षांखालच्या स्त्रीला आम्ही साधारण वर्षभर थांबायला सांगतो आणि ३५ नंतर सहा महिने. २७ ते ३३ दिवसांची पाळी ही सामान्य पाळी आहे, त्यात काही बिघडलेलं नाही. बीज बाहेर पडण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढेच सहा दिवस गर्भधारणेचे. शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस. तुझ्या हिशेबाने आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत एक-दोन दिवसांआड जवळ आलात तरी पुरे. रोज घड्याळ लावायची गरज नाही.

या थांबण्याच्या दिवसांत हाताला काम हवं असेल, तर खरंच उपयोगाचं एक काम आहे. फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्यायला लाग, अजून सुरू केली नसशील तर आजच. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते, म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत. अनेकींना तोवर पत्ताही लागलेला नसतो. म्हणून ही गोळी दोन रेघा दिसण्याची वाट न बघता आधीपासून घ्यायची आणि बारा आठवड्यांपर्यंत चालू ठेवायची. अपस्मार (फिट येणं), मधुमेह असेल किंवा घरात ही नलिका नीट न मिटलेलं मूल जन्मलेलं असेल, तर डॉक्टर जास्त मात्रा देतात. दारू आणि तंबाखू बंद. नवऱ्यानेही घरात सिगारेट ओढायची नाही. दुसरं एखादं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांग की आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय. मुरुमांवरच्या, अपस्मारावरच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या गर्भाला बाधतात. पण कुठलीही गोळी मनाने एकदम बंद करू नकोस, विशेषतः अपस्मारावरची.

उरलेल्या पट्ट्या नवऱ्याकडे दे आणि ३४व्या दिवसापर्यंत सांभाळायला सांग. तो ‘थांब’ म्हणतो तेव्हा त्याला सुचत नसेल की दुसरं काय म्हणावं. त्याला हे पत्र वाचायला दे. तू आतापर्यंत तिन्ही वेळा एकटीने दार लावून बघितलंस, असं मला तुझ्या पत्रातून वाटलं. त्या सकाळी त्याला आत बोलाव. पाच मिनिटं दोघं मिळून थांबा, आणि घड्याळ त्याच्या हातात असू दे.

– तुझी ताई